रकाना सातवा

तिमाही अहवालाच्या फॉर्मवर
सातवा रकाना असतो: अडथळे.
दोन ओळी. त्याही आखूड.
यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय,
म्हणून फॉर्म दरवेळी माझ्याकडे येतो,
शरणपूर रोडमागच्या दोन खोल्यांत,
भांडी आवरल्यावर.

मागच्या वेळी लिहिलं होतं, विरोध.
ऑफिसातल्या साहेबांना तो शब्द आवडतो.
खाली लाल रेघ मारून त्यांनी कळवलं,
सविस्तर लिहा.

सविस्तर म्हणजे कुठून?
म्हसरूळच्या हॉलपासून?
घरमालक खैरनार तसे भले.
करार अकरा महिन्यांचा, आणि दहाव्यात
चहा पाजून म्हणाले, वहिनी,
मला तुमच्या देवाचं काही नाही,
मला खालच्या दुकानदाराचं आहे.
पेटी आम्ही रिक्षात घालून आणली.
अजून पलंगाखाली आहे. भात्यात झुरळं झाली.

की हरसूलपुढच्या पाड्यापासून,
जिथे यांनी पहिल्याच दिवशी
चांगल्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली
आणि म्हातारी झिपरी उठून म्हणाली,
मेंढपाळ नको बाबा,
गेल्या साली त्याच्या मेंढ्यांनी माझी नागली खाल्ली.
सगळा पाडा हसला. हेही हसले.
येताना मात्र वाघेऱ्याचा घाट चढून
गिरणारे येईपर्यंत गप्प.
यांना शिकवलेलं सगळं मेंढ्यांचंच होतं.

आणि द्राक्षं? ती कुठे लिहू?
एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी,
मग डिपिंग, मग खुडणी.
दिंडोरीचा टेम्पो आला की पाडा रिकामा.
अठरा माणसांची मंडळी,
तिची उरते एक आंधळी म्हातारी, दोन शेळ्या.
डिपिंगच्या औषधाला रविवार कळत नाही.
हे बागेच्या बांधावर जाऊन बसतात
जेवणाच्या सुट्टीची वाट बघत,
आणि प्रभुभोजनाचा रस आम्ही
सीबीएसजवळच्या दुकानातून बाटलीत आणतो.

एवढं कळवता येईल. पण पुढचं?
नाताळात पाड्यावरची पोरं आणली होती
शहरातल्या मंडळीत.
सुगंधाबाई, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती,
मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या,
यांना पेला वेगळा दिला असता तर?
त्यांचे पणजोबाही कुणाच्या तरी ओट्याखाली
उभं राहून ओंजळीनेच पाणी प्यायचे.
मी तसं म्हटलं नाही. प्लेटा गोळा केल्या.
हे सातव्यात बसतं का?

ग्रामसभेत ठराव झाला तेव्हा
पहिला अंगठा लहान्या भगताचा.
यांना शिवेवर अडवून तो म्हणाला,
मास्तर, डोंगरदेव रुसला
तर उत्तर तू देशील का मी?
यांच्याकडे उत्तर होतं. पाठ होतं.
दिलं नाही. का, ते अजून सांगत नाहीत.

श्रावणात त्याच पाड्याच्या ओढ्यात
गाडी घसरली, मांडी मोडली,
तेव्हा झोळीचा बांबू खांद्यावर घेऊन
हरसूलच्या दवाखान्यापर्यंत जे चालले
त्यात पुढे लहान्या.
रात्रभर बाकावर बसला.
सकाळी मी पोचले तर म्हणाला,
बाई, तुझा मास्तर लय जड,
देव पण भरला असल आत.
आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.
ठराव आहे तसाच आहे. त्यावरचा अंगठाही.

घरातलंही आहे.
परवा धाकटा रूबेन म्हणाला,
शाळेत कुणी विचारलं वडील काय करतात
तर मी एलआयसी सांगतो.
यांनी ऐकलं, पलंगावरून, प्लास्टरमधून.
पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

साडेदहा झाले. रिफिल संपत आली.
मी सातव्यात लिहिलं: रस्ता खराब.
उरलेली दीड ओळ कोरी ठेवली.
वाच, म्हणाले. वाचलं.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
कुठला रस्ता, विचारतील ते.

विचारू देत.
उद्या लहान्या सिव्हिलला यायचाय, सुनेला घेऊन.
इथेच भाकरी खाईल, म्हणालाय.
जाता जाता पोस्टाच्या पेटीत टाक म्हणून
फॉर्म त्याच्याच हाती देईन.