वाहक

कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
चौकोन काढला. हे तुमचे वडील.
आत शाई भरली.
त्याच्या खाली गोल. ह्या तुम्ही.
गोल कोराच ठेवला, फक्त मधोमध
पेनाचं टोक टेकवून उचललं.
म्हणाल्या, तुम्ही वाहक.

परतीच्या एसटीत समोरच्या बाकावर
तोच शब्द रंगवलेला.
तिथला माणूस नांदगाव तिठ्यापासून जामसंड्यापर्यंत
ज्याला त्याला तिकीट देत आला.
त्याला स्वतःला कुठेच उतरायचं नव्हतं.

दर्शन खिडकीशी. मांडीवर फाईल.
जहाजावरच्या नोकरीसाठी सगळं पास झालेलं,
वजन, छाती, रक्त, दात, इंग्रजी.
मग कुणीतरी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं
आणि विचारलं, आकडा कोणता?
बाईंनी ते पान मलाही दाखवलं.
चौऱ्याहत्तर.
इतका ढळढळीत, की मला लाज वाटली.

माझे बाबा तांडेल. त्रेचाळीस वर्षं
देवगड बंदरातून नाव बाहेर काढली.
काळोखात समोरून दिवा आला की
खलाशाला म्हणायचे,
"रंग नको सांगू, बाजू सांग मरे."
आम्हाला ती तांडेलाची ऐट वाटायची.
बांगड्याचे कल्ले उघडून बघत नसत,
मासा सरळ नाकाशी धरत.
लहानपणी रातांब्यावर चढवलं
तर पिके-हिरवे एकत्र पाडायचे
आणि मार खायचे. आत्या हे हसून सांगायची.
बाबा हसत नसत.

त्यांच्याही आधी, आजीचा भाऊ.
त्याचा मचवा एका रात्री
बंदराच्या तोंडाशी भलत्या अंगाने आला, खडकावर.
गुरवाने कौल लावला. पाकळी पडली.
देणं राहिलंय म्हणाला. कोंबडा दिला.

"बापाकडून मुलाला जात नाही हे,"
बाई सांगत होत्या, "मधे बाई लागते.
आणि तिच्या दर मुलामागे निम्मी निम्मी शक्यता."
मी विचारलं, कौलासारखं?
त्यांना कळलं नाही.
केदारच्या वेळी पाकळी इकडची पडली.
दर्शनच्या वेळी तिकडची.
उर्वीचं अजून ठाऊक नाही.
तिच्या गोलात बाईंनी प्रश्नचिन्ह काढलंय,
घरी आल्यावर तिने त्याला
दोन डोळे आणि वाकडं तोंड काढलं.

बाबा गेले त्या वर्षी
हक्कसोडीवर मी सही केली, ताईनेही.
घर, बावीस माड, नाव, नावेचं लायसन,
सगळं दादाकडे. राग नाही, रीतच तशी.
दादाला दिवे दिसतात, त्याच्या मुलांनाही.
ताईच्या आणि माझ्या वाट्याला जे आलं
त्याचा सातबारा निघत नाही.
ते सोडायचं तर कितीच्या स्टँपवर,
हे तलाठ्याला विचारायचं राहून गेलं.

दर्शन चार दिवस बोलला नाही.
पाचव्या दिवशी टोपली घेऊन परसात गेला.
यंदा रातांबे उशिरा लागलेत.
मी खाली उभी. तो फांदीवर,
एकेक फळ बोटांनी दाबून बघत होता, सावकाश,
जसं तान्ह्याचं टाळू चाचपावं.
एवढं कधी शिकला, मला आठवेना.
मी शिकवलं नव्हतं. बाबा तर
तो दोन वर्षांचा असतानाच गेले.

टोपली भरली. वरून लालभडक.
मधे एकच हिरवा राहिला होता.
तो मी चटकन तळाशी ढकलला,
आणि मान वर केली तर
तो माझ्या हाताकडेच बघत होता.

तेवढं त्याला नीट दिसतं.