वात

पालक्काडजवळ, चित्तूरच्या वैद्यशाळेत
तेरा दिवस माझी खाट तिच्या खाटेला लागून होती.
माझा नुसता खांदा धरलेला.
पोन्नुत्तायीचा मात्र अर्धा चेहराच
एका पहाटे, कांजी पिताना, घसरला होता.

एकवीस वर्षं कोइमतूरच्या सूतगिरणीत.
चात्यांच्या त्या गदारोळात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही,
बायका नुसत्या ओठांनी बोलतात,
चार यंत्रांपलीकडून उसने पैसे मागतात,
सुपरवायझरची आई-बहीण काढतात, आवाज न करता.
आता ओठ डावीकडे ओघळलेले.
जोडीदारीण सेल्वक्कनी भेटायला आली,
बराच वेळ तिचं तोंड वाचत बसली,
मग पाण्यानं पुसट झालेलं पत्र बाजूला ठेवावं
तशी नजर खाली ठेवली.

मागच्या पडवीत शंकुण्णी वैद्यर तेल कढवायचे.
सरकी, उडीद, कुळीथ, चिकणामूळ यांचा काढा,
तिळाचं तेल, शेळीचं दूध.
शेळी तिथंच बांधलेली, तिला याचं कौतुक नव्हतं.
वासानं पोन्नुत्तायी उठून बसली.
सरकी? ही तर आम्ही गाईला घालतो.
म्हणूनच, वैद्यर म्हणाले,
गाईचं तोंड वाकडं झालेलं पाहिलंस कधी?

मग पळीतला कल्क दोन बोटांत वळून बघायचे:
वळली का वात?
वळली, आणि विस्तवावर धरून तडतडली नाही,
म्हणजे तेल झालं.
मी एकटीच हसले.
माझ्या भाषेत तो वात आणि ती वात,
लिंगाचा काय तो फरक:
तो शिरतो, ती जळते.
तिला कसं सांगणार?
तिच्याकडे दोघांना दोन नावं.

सकाळी नाकात थेंब, गालावर कोमट हात.
संध्याकाळी समणई समोर धरून: फुंक.
वारा डाव्या कोपऱ्यातून निसटायचा, ज्योत ढिम्म.
म्हण, परुत्ती.
'अरुत्ती,' ती म्हणायची.
एकवीस वर्षं ज्यानं छातीत तंतू भरले
त्या कापसाचं नावही तिला पुरतं घेता येईना.
रात्री ती खोकायची.
वैद्यर दारात थांबून ऐकायचे
आणि काही न बोलता जायचे.
त्यावर त्यांच्याकडे तेल नव्हतं.

अकराव्या संध्याकाळी ज्योत वाकली.
विझली नाही. बाकावर दुसऱ्याला जागा देताना
माणूस सरकतो, तेवढीच.
'प' अजून निम्म्या वाटेवर होता.
माझा हात त्याच दिवशी कानापर्यंत पोचला,
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रविवारी सेल्वक्कनी फाटकात येऊन उभी राहिली.
मधलं अंगण चार यंत्रांएवढं रुंद.
पोन्नुत्तायीनं हाक मारली नाही,
खाटेवरूनच ओठ हलवले.
सेल्वक्कनीच्या कपाळाला आठी पडली,
पुन्हा म्हण, तिनं खूण केली,
पुन्हा वाचलं,
आणि अशी हसली की शेळी दचकून उठली.
काय म्हणाली? मी हातानं विचारलं.
उत्तर न देता तिनं कमरेची चंची सोडली
आणि दहाच्या सहा नोटा, एकेक सरळ करत,
पोन्नुत्तायीच्या तेलकट हातावर मोजल्या.