सी-लाइनचा व्हॉल

खाण बंद झाली त्याला अकरा वर्षं.
कॉलनीत क्वार्टरं तीनशे बारा,
चूल पेटते एकोणनव्वदांत.
पाणी मी सोडतो.
कोणत्या नळाखाली बादली आहे, कोणत्या नाही,
पाइपाला कान लावला की समजते.

नगरपंचायतीत नवा नकाशा लावलाय.
तळं, बाकडी, छत्री घेतलेली एक बाई.
ही कोण, मी विचारलं.
ढोटे साहेब हसले.
म्हणाले, शालिक, सी-लाइन बंद करून टाक,
रिकाम्या घरांना पाणी पाजून काय करतो?

पाणी चालू होतं तेव्हाच गेलो, चावी घेऊन.
सी-सतराच्या न्हाणीत निंब वाढलाय,
खिडकीतून बाहेर पाहत होता,
घरमालकासारखा.
तीन आटे फिरवले.
चौथ्याला पाइप बोलला:
बादली. पत्र्याची. अर्धी झालेली.

सी-बावीस.
दुर्पता मडावी, दोन पोरी, एक शिलाई मशीन,
खोलीभर शाळेचे निळे गणवेश.
मधली भिंत पाडून
तेविसातही कापड पसरलेलं.
"भाऊ, कोनाले सांगू नोका," ती म्हणाली.
मग धागा दातानं तोडून,
"अन् पानी जरा लवकर सोडत जा ना."

वहीत मी लिहिलं: सी-लाइन बंद.
तेव्हापासून पहाटे साडेचारला
ते आटे उलटे फिरवतो.

परवा दोन बादल्या वाजल्या.
आज तिसरीकडे कोणीतरी
घागर आधी विसळून घेतली,
पहिलं पाणी दारात टाकलं,
धूळ बसावी म्हणून.