मागची सीट

गुलूच्या बाजारात, दुकानाच्या पायरीशी
दोन गाड्या उभ्या. एक शंभर सीसी, एक सव्वाशे.
ओजारा तिसऱ्यांदा आलाय.

लाल गाडी लिटरमागे दहा किलोमीटर जास्त जाते.
निळीचे सुटे भाग पंपाजवळच्या टपरीतही मिळतात.
लालचा हप्ता हलका, पण महिने लांबतात;
निळी चढावर धापा टाकत नाही.
सिगारेटच्या पाकिटावर त्यानं आकडे मांडले,
खोडले, पुन्हा मांडले.
दुकानदार म्हणाला, टाकीची चमक तर बघ.

लामुनू काहीच बोलली नाही.
सुक्या मासळीची पाटी डोक्यावरून उतरवून
लालच्या मागं बसली. मग निळीच्या.
पाटी मांडीवर, डोळे मिटलेले,
जणू दुकानातच पालारोचा कच्चा रस्ता लागलाय.

"हिला पाय टेकायला जागा आहे," निळीवरून ती म्हणाली.
"तू पुढं बघून चालवणार.
खड्डे मला मोजायचेत."

ओजारानं पाकीट खिशात कोंबलं,
आणि वाकून, जरा ओशाळून,
वितीनं मोजू लागला
आजवर कधीच न मोजलेली मागची सीट.

साडेतीन वीत.
पाटी धरून.