मंगळवारची मोजणी

लास गावात पायवाटासुद्धा संगमरवरी,
आणि दुपारी दोननंतर खिंडीतून वारा उतरतो,
तो बांध ओळखत नाही.

दर मंगळवारी मी सापळे मोजते.
आधी कासियानची बाग, मग नोटबुर्गाची.
मधे रानगुलाबाचं कुंपण, तिनं लावलेलं,
त्याच्या फवाऱ्याचे थेंब अडवायला.
चिकट पुठ्ठ्यावर राखाडी पतंग,
पंखाच्या टोकाला तांब्याचा डाग.
त्याच्याकडे चार. तिच्याकडे अकरा.
हिशेब एवढाच असता
तर वही मिटून मी केव्हाच घरी गेले असते.

कासियान फवारतो मोजकंच, पहाटे, वारा निजलेला असताना.
डब्यावरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरून वाचतो,
मग आठवडाभर नातवाला बागेत फिरकू देत नाही.
त्याची सफरचंदं आरशासारखी.
झाडांखाली मात्र काही गुणगुणत नाही.

नोटबुर्गाचा ट्रॅक्टर त्याच्यापेक्षा जास्त वेळा निघतो.
चुना-गंधकाच्या वासानं चर्चमधून परतणारे नाकं मुरडतात,
पाऊस पडला की पुन्हा पहिल्यापासून.
अळीला रोग लावणारा विषाणू ती फ्रीजमध्ये ठेवते, लोण्याशेजारी.
"मारते तर मीही," ती म्हणाली,
"फक्त ज्याला मारायचं त्याचं नाव मला ठाऊक असतं."
तरी दर पाचवी पेटी रसाच्या भावानं जाते.

एप्रिलात तारांवर लाल दोऱ्या बांधायच्या असतात,
मादीच्या गंधानं भिजवलेल्या.
मग सगळी हवाच मादी होते,
नर भिरभिरतो, आणि जिथं पोचतो तिथं कुणी नसतं.
पण दोरी एकाच्याच बागेत असेल तर काठावर गंध विरतो.
हे मी दोघांना वेगवेगळं सांगितलं.
नऊ वर्षांचा अबोला,
त्या सकाळी मात्र कुंपणावरून शिडी पलीकडे गेली,
दोऱ्यांचं पाकीट अलीकडे आलं.
"किती अंतरावर?" त्यानं विचारलं.
तिनं हात पसरून दाखवलं.
बस, एवढंच बोलणं.

या मंगळवारी त्याच्याकडे एक, तिच्याकडे दोन.
कुंपणावर गुलाबाची फळं लाल झालीत.
मुरंब्यासाठी ती टोपली घेऊन आली,
हात ओरबाडून घेत आपल्या बाजूची सगळी तोडली.
त्याच्या बाजूची
तिनं तशीच ठेवली.