केक

गिला बेंडच्या अलीकडे बॉनेटखालून
कुणी सुपारी कातरावी तसा आवाज,
आणि जाळीतून येणारा गारवा
हळूहळू उच्छ्वासासारखा कोमट.

ऑरिन म्हणाला, "कॉम्प्रेसर."
मी मागे पाहिलं.
सीटबेल्ट लावून बसलेला भाचीच्या लग्नाचा केक,
तीन मजली, लोण्याच्या गुलाबांचा.
बाहेर पंचेचाळीस डिग्री.
युमा अजून पावणेदोनशे किलोमीटर.

गॅरेजवाला टेओडोरो म्हणाला,
"पार्ट मंगळवारी येईल."
लग्न आज संध्याकाळी.
त्यानं कॉम्प्रेसर वगळून आखूड बेल्ट चढवला,
पैसे अर्धेच घेतले,
आणि पंपावरच्या फ्रीजरमधला सगळा बर्फ
केकभोवती रचला,
तापल्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तसा.

मग काचा खाली.
वारा कसला, भट्टीचं तोंड.
घर विकण्यावरून चार दिवस आमचा अबोला होता.
आता दर दहा मिनिटांनी
तो वाऱ्यावर आवाज चढवून विचारी,
"कसा आहे?"
"वरचा मजला कललाय!"
"आणि तू?"

मी मागे हात घालून
केकच्या वाट्याचा एक खडा उचलला
आणि त्याच्या कॉलरमधून
आत सोडला.