अकरा महिन्यांचा करार

आमच्या घरात करार दोनच होते,
एक जुना, एक नवा,
दोन्ही एकाच काळ्या पुठ्ठ्यात.
हा तिसरा शांतवननं आणला
पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर:
सिव्हिलच्या मागचं टायरचं गोदाम,
भाडं चौदा हजार, मुदत अकरा महिने.

सत्तावीस वर्षं नोट प्रेसमध्ये मोजणी केली त्यानं.
एक कागद कमी भरला
तर अख्खी पाळी अडकून पडायची,
आणि रोज संध्याकाळी गेटवर झडती,
खिसे उलटे, डबा उघडा.
असा माणूस म्हणतो,
देवानं सांगितलंय.
कधी? विचारलं मी.
म्हणाला, बुधवारी, त्र्यंबक रोडच्या फुटपाथवर
सुरगाण्याकडची एक बाई
सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरत होती, तेव्हा.
काय शब्दांत?
शब्द नव्हते, म्हणाला.

बिनशब्दांच्या निरोपावर
फंडातले सहा लाख काढले.
लेकीनं पुण्याहून केलेला फोन आपटला.
पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थनेत ठेवू.
म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

मीही एक रात्र कान लावून बसले
शरणपूरच्या आमच्या खोलीत.
फ्रिज घुरघुरला.
कुत्री भांडली.
पहाटे कुठल्याशा एसटीचा हॉर्न.
एवढंच आलं माझ्या वाट्याला.

डिसेंबरच्या थंडीत आम्ही दोघांनी चुना मारला,
टायरचा वास काही गेला नाही.
पंचवीस सतरंज्या, गॅसच्या दोन शेगड्या,
दारावर पाटी: रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. मोफत.
पहिल्या रात्री कोणी आलं नाही.
दुसऱ्याही.
फुकटाच्या दाराकडे गरीब माणूस
लांबूनच बघत राहतो,
त्याला माहीत असतं फुकटाचं व्याज.
शांतवन आत सतरंज्या मोजत बसलेला. पंचवीस.
पुन्हा पंचवीस.

तिसऱ्या रात्री एक म्हातारी.
सून आत, बाळंतपण अडलेलं.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, किती घेशील?
तो काही नको म्हणणार,
तेवढ्यात मी त्याचा हात दाबला.
म्हटलं, मूठभर नागली असेल तर दे.
तिनं पदराची गाठ सोडली
आणि ताठ मानेनं आत आली.
सुनेचं पुढे काय झालं, कळलं नाही.
सकाळी सतरंजीची घडी होती, ती नव्हती.

आता रोज चाळीसेक माणसं,
सतरंज्या पंचवीसच.
ऑक्टोबरअखेर मुदत संपते,
मालकाला तिथं मोबाइलचं शोरूम हवंय.
शांतवन म्हणतो, तो बघेल.
तो म्हणजे मालक की देव,
मी विचारत नाही.

पाण्यावर पाऊल टाकणाऱ्याकडे
सगळे बघतात.
मागं होडी कलंडू नये म्हणून
कुणीतरी वल्हं धरून बसलेलं असतं,
भिजलेलं, चिडलेलं,
ज्याला कुणी ये म्हटलेलं नाही.

मला अजून काही ऐकू आलेलं नाही.
तांदूळ निवडून ठेवलेत उद्याचे,
कालच्यापेक्षा दोन मापं जास्त.